चिकटले किती आणि पकडतात किती: सोन्याच्या चिपवर अँटीबॉडीचे तुकडे बसवण्याच्या किटचा दहा महिन्यांचा अनुभव

दहा महिन्यांत या किटच्या दोन पेट्या संपवल्या. एका पेटीत दहा चिप, म्हणजे एकूण वीस चिप माझ्या हाताखालून गेल्या. त्यातल्या चार वाया गेल्या: दोन माझ्या चुकीने, दोन किटमधल्या एका वस्तूमुळे. त्या वस्तूबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तुम्ही नॅनोबॉडीवर, म्हणजे अँटीबॉडीच्या अगदी लहान तुकड्यावर, काम करत असाल तर तुमचाही माल तसाच जाऊ शकतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या धर्तीची किट अनेक जण विकतात आणि मी जे पारखून पाहिलं ते कुठल्याही किटला लावून बघता येईल.

किटचं काम एका वाक्यात सांगायचं तर असं: ज्या अँटीबॉडीच्या तुकड्याच्या शेपटीला मोकळं सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) आहे, तो तुकडा त्या सिस्टीनमधल्या गंधकाच्या जोरावर थेट सोन्याच्या पृष्ठभागावर बसवायचा. पेटीत काचेवर ५० नॅनोमीटर सोन्याचा थर दिलेल्या चिप असतात. सोनं काचेला नीट धरून राहावं म्हणून खाली टायटॅनियमचा अगदी पातळ थर असतो. त्याशिवाय टीसीईपी (गंधकांमधले बंध तोडणारं रसायन) याच्या पावडरीच्या छोट्या बाटल्या, जोडणीचं बफर, ब्लॉकर (उरलेलं सोनं झाकणारा रेणू), डीसॉल्टिंगचे कॉलम (प्रथिनापासून लहान रेणू वेगळे करणाऱ्या नळ्या) आणि एक पुस्तिका. मी हे एसपीआर यंत्रावर, म्हणजे सोन्यावर किती माल बसला ते प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रावर, वापरते. आमच्याच गटातली एक मैत्रीण हीच रसायनं तिच्या सोन्याच्या इलेक्ट्रोडवर वापरते, त्यामुळे तिचा अनुभवही थोडा येईल.

आधी तुकडेच का, ते सांगते, कारण या किटचं बरंवाईट त्यावर ठरतं. अख्खी आयजीजी अँटीबॉडी १५० किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचं एकक), दहा नॅनोमीटरहून मोठी. फॅब हा तिचा एक हात, सुमारे ५० किलोडाल्टन. एकसाखळी तुकडा, ज्याला आपण एससीएफव्ही म्हणतो, तो २७ च्या आसपास. आणि उंटवर्गीय प्राण्यांच्या अँटीबॉडीतून मिळणारी नॅनोबॉडी जेमतेम १५ किलोडाल्टन, साधारण ४ नॅनोमीटर लांब आणि अडीच नॅनोमीटर रुंद. या प्राण्यांच्या रक्तात हलक्या साखळ्या नसलेल्या अँटीबॉडी असतात हे ब्रुसेल्सच्या हॅमर्स यांच्या गटाने १९९३ मध्ये जगासमोर आणलं. मला आजही ती गोष्ट विलक्षण वाटते. त्याच्या कितीतरी आधी, १९५९ मध्ये, पोर्टर यांनी पपेन या एन्झाइमने अँटीबॉडी कापून तिचे तुकडे वेगळे केले होते. सगळ्यांना वाटत होतं की आता या रेणूची रचना कळली, आणि निसर्गात मात्र त्याची अर्धी साखळीच गाळलेली आवृत्ती फिरत होती.

लहान तुकड्याचा फायदा उघड आहे. तेवढ्याच जागेत जास्त तोंडं, म्हणजे पकडणाऱ्या जागा, मावतात आणि पकडलेला रेणू पृष्ठभागाच्या जवळ राहतो. मैत्रिणीच्या गटात विद्युतभार मोजणारे ट्रान्झिस्टरही आहेत. शरीरातल्या द्रवाइतकं मीठ असेल तर तिथे एक नॅनोमीटरच्या आतच भार झाकला जातो. अख्खी अँटीबॉडी खाली लावली तर पकडलेला रेणू त्या मर्यादेच्या कितीतरी वर तरंगतो. नॅनोबॉडी लावून बफर दहापट पातळ केलं की ती मर्यादा अडीच नॅनोमीटरच्या जवळ जाते आणि काहीतरी दिसायला लागतं.

पण लहानपणाचा तोटाही तेवढाच मोठा आहे, आणि पुस्तिकांत तो एका ओळीत उरकलेला असतो. अख्खी अँटीबॉडी आडवीतिडवी पडली तरी तिला दोन हात असतात, एखादा तरी मोकळा राहण्याची आशा असते. नॅनोबॉडीला तोंड एकच. ते सोन्याकडे झालं की तो रेणू चिपवर आहे, वजनात मोजला जातो, यंत्रावर दिसतो, आणि कामाचा मात्र नाही. शिवाय उघडं सोनं प्रथिनांना धरून ठेवतं, कधी उलगडूनही टाकतं. म्हणून अशा किटला मी एकच प्रश्न विचारते: चिकटले किती हे राहू द्या, त्यातले पकडतात किती?

पुस्तिका पहिल्या प्रश्नाचंच उत्तर देते. तिच्यात जोडणीचा आलेख आहे, वर चढलेली सुंदर रेघ आहे, आणि अमुक इतके आरयू (किती माल बसला ते सांगणारं यंत्राचं एकक) मिळाले की जोडणी यशस्वी असं सांगितलं आहे. मी आणि माझी विद्यार्थिनी पहिल्या आठवड्यात त्या रेघेवर खूश होतो.

मग आम्ही एक नियंत्रण, म्हणजे तुलनेचा प्रयोग, लावलं. कुठल्याही किटच्या पहिल्याच दिवशी ते लावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन ओळखणारी नॅनोबॉडी आमच्याकडे दोन रूपांत होती. एकीच्या शेपटीला पंधरा अमिनो आम्लांचा ग्लायसीन-सेरीनचा दोर आणि टोकाला सिस्टीन. दुसरी तशीच, फक्त टोकाचं सिस्टीन नाही. जीएफपी निवडण्याचं कारण साधं: ते २७ किलोडाल्टनचं, सहज बनवता येणारं, नुसत्या रंगावरून ओळखू येणारं प्रथिन आहे आणि ही नॅनोबॉडी त्याला नॅनोमोलरपेक्षाही घट्ट धरते. म्हणजे पकड कमी दिसली तर दोष पृष्ठभागाचा, जोडीचा नाही.

दोन्ही रूपं एकाच चिपच्या दोन वेगळ्या मार्गांवर सोडली. सिस्टीनवाली बफरने धुतल्यावर ९०० आरयूवर थांबली. बिनसिस्टीनवाली ७५० वर! जिला सोन्याला धरायला काहीच दिलेलं नव्हतं, ती जवळजवळ तितकीच बसली होती. विद्यार्थिनी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. आम्ही ज्या रेघेवर आठवडाभर खूश होतो, तिचा मोठा भाग नुसता लोळत पडलेल्या प्रथिनाचाही असू शकत होता.

पुढे तासभर ब्लॉकर सोडला, धुतलं, आणि दोन्हीकडे जीएफपी दिलं. बिनसिस्टीनच्या मार्गावर ७० आरयू. सिस्टीनच्या मार्गावर १०५०. त्या दोन आकड्यांनंतर मी या किटकडे गांभीर्याने बघायला लागले.

हिशेब मांडून दाखवते. नॅनोबॉडी १४.५ किलोडाल्टनची, जीएफपी २७ ची. ९०० आरयू नॅनोबॉडीतल्या प्रत्येक रेणूने एकेक जीएफपी धरलं तर ९०० गुणिले २७ भागिले १४.५, म्हणजे सुमारे १६७५ आरयू मिळायला हवेत. मिळाले १०५०. म्हणजे ६० टक्क्यांहून थोडे जास्त रेणू कामाचे. शिवाय ब्लॉकरने काही सैल रेणू उचलून नेले असणारच, त्यामुळे मागे राहिलेल्यांत जागे असणाऱ्यांचं प्रमाण याहून जास्त असावं. सपाट सोन्यावर, कुठलाही जेलसारखा थर मध्ये न घालता, हा आकडा मला फार समाधानकारक वाटतो.

तुलनेसाठी त्याच पेटीतल्या चिपवर जुनी पद्धत केली. गंधकाने सोन्यावर बसणाऱ्या, अकरा कार्बनांच्या मर्कॅप्टो आम्लाचा थर, त्यावर ईडीसी-एनएचएस ही जोडणारी रसायनं, आणि नॅनोबॉडी तिच्यातल्या लायसीन या अमिनो आम्लांतून बांधलेली. चिकटली १३०० आरयू, म्हणजे जास्त. पकडलं मात्र ६१० आरयू जीएफपी, जिथे २४०० च्या वर मिळायला हवं होतं. पाव भाग. लायसीन रेणूवर कुठेही असतात, तोंडाजवळही असतात, आणि ईडीसीला त्यातलं कुठलं चांगलं ते कळत नाही. शेपटीचं सिस्टीन मात्र तोंडाच्या बरोबर विरुद्ध टोकाला येतं. नॅनोबॉडीची ही ठेवण जोडणीसाठी फार सोयीची आहे. सिस्टीन सुरुवातीच्या टोकाला लावलं तर हा फायदा जातो, कारण ते टोक तोंडाच्याच बाजूला असतं. क्लोन मागवताना हे एकदा तपासून घ्या.

किटमधली सर्वांत चांगली गोष्ट कुठली असेल तर चिपांचं पॅकिंग. प्रत्येक चिप वेगळ्या पाकिटात, नायट्रोजन भरून बंद केलेली. हे छोटं वाटेल, पण ताजं सोनं आणि कपाटात पडलेलं सोनं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्वच्छ सोन्यावर पाण्याचा थेंब पसरतो. तेच सोनं हवेत ठेवा, हवेतला तेलकट अंश त्यावर बसतो, आणि थोड्या वेळाने थेंब मण्यासारखा उभा राहतो. मी प्रत्येक पाकीट उघडल्यावर चिपच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकून पाहिला. वीसपैकी अठरा चिपांवर तो पसरला. उरलेल्या दोन मी अतिनील-ओझोनमध्ये दहा मिनिटं ठेवल्या आणि मग पंधरा मिनिटं इथेनॉलमध्ये बुडवल्या. इथेनॉलची पायरी गाळू नका. ओझोनने सोन्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि इथेनॉल तो उतरवतं. त्यानंतर त्या दोन्ही चिप बाकीच्यांसारख्याच वागल्या. पिरान्हा वापरायची वेळ आली नाही याचा मला आनंद आहे. तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं ते मिश्रण नव्या विद्यार्थ्याच्या हातात द्यायला मी कधीच तयार नसते.

माझ्या चुकीने गेलेल्या दोन चिप इथल्याच. पाकीट उघडलं, आणि नॅनोबॉडी अजून कॉलमवर होती. चिप तासभर उघडी राहिली. नंतर जी जोडणी झाली ती विरळ आणि डागाळलेली. आता आमचा क्रम ठरलेला आहे: नॅनोबॉडी ट्यूबमध्ये तयार, पिपेट भरलेलं, मगच कात्री पाकिटाला लागते.

टीसीईपी पावडरीच्या एकेका वापराच्या बाटल्यांत दिलं आहे, हेही शहाणपणाचं आहे. बनवून ठेवलेलं द्रावण फॉस्फेट बफरमध्ये एकदोन दिवसांत कमजोर होतं. पावडर विरघळवली की द्रावण आम्लधर्मी होतं, पीएच अडीचच्या आसपास. ते सोडियम हायड्रॉक्साइडने सातवर आणायचं, हे पुस्तिकेत तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात आहे. ते पहिल्या पानावर ठळक असायला हवं. न आणता घातलं तर पातळ बफरमधली नॅनोबॉडी ट्यूबमध्येच पांढरी होऊन बसते.

डीटीटी या तशाच बंध तोडणाऱ्या रसायनाऐवजी टीसीईपी का, असं विद्यार्थिनीने विचारलं होतं. डीटीटीला स्वतःलाच दोन थायॉल, म्हणजे सोन्याला धरणारे गंधकाचे गट, आहेत. ते थोडंसं जरी मागे राहिलं तरी सोन्यावर आधी जाऊन बसतं आणि आपल्या तुकड्याला जागा उरत नाही. मर्कॅप्टोइथिलअमीनचंही तेच. टीसीईपीला थायॉल नाही. तरीही ते काढून टाकायला हवंच.

आता तक्रारी.

पहिली, आणि मोठी, कॉलमची. पहिल्या पेटीत जे डीसॉल्टिंग कॉलम आले त्यांची मर्यादा ४० किलोडाल्टन होती. म्हणजे ४० पेक्षा मोठं प्रथिन सरळ खाली उतरणार आणि त्याहून लहान रेणू मण्यांच्या आत शिरून अडकणार. फॅब ५० चा, तो उतरतो. नॅनोबॉडी १४.५ ची. ती टीसीईपीबरोबरच आत अडकते. पेटीवर मात्र स्पष्ट लिहिलं आहे: फॅब, एससीएफव्ही आणि नॅनोबॉडीसाठी. आम्ही दोनदा माल घातला, दोनदा खालून जवळजवळ नुसतं बफर आलं, आणि ते बफर आम्ही दोन ताज्या चिपांवर सोडलं. २८० नॅनोमीटरवर शोषण आधी मोजलं असतं तर चिप वाचल्या असत्या. ही सवय आता आम्ही लावून घेतली आहे, पण म्हणून पेटीत चुकीचा कॉलम देण्याचं समर्थन होत नाही. त्या दोन दिवसांत जी नॅनोबॉडी गेली ती विद्यार्थिनीने आठवडाभर खपून शुद्ध केली होती.

कंपनीला लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, सभ्य होतं, आणि बदली म्हणून ७ किलोडाल्टन मर्यादेचे दहा कॉलम पाठवले. चिपांची भरपाई मिळाली नाही. दुसऱ्या पेटीत पुन्हा ४० चेच कॉलम निघाले. मला राग पहिल्या चुकीपेक्षा या दुसऱ्या वेळेचा जास्त आला.

दुसरी तक्रार क्षपणाच्या, म्हणजे टीसीईपीने बंध तोडण्याच्या, कृतीची. पुस्तिकेत सगळ्या तुकड्यांसाठी एकच कृती आहे: १० मिलिमोलर टीसीईपी, ३७ अंश सेल्सिअस, एक तास. मिलिलिटरला एक मिलिग्रॅम नॅनोबॉडी म्हणजे सुमारे ७० मायक्रोमोलर. १० मिलिमोलर म्हणजे तिच्या १४० पटींहून जास्त टीसीईपी. एवढ्याची गरज नाही. शेपटीच्या सिस्टीनवर जीवाणूतून येताना ग्लुटाथायोन बसलेलं असतं किंवा दोन नॅनोबॉडी एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि ते बंध बाहेर, उघड्यावर असतात. ते सहज तुटतात. नॅनोबॉडीच्या पोटातला डायसल्फाइड बंध (दोन गंधकांमधला) आत दडलेला आहे, तो सहसा टिकतो. पण फॅबच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. तिथे जड आणि हलकी साखळी एका बाहेरच्या डायसल्फाइडने बांधलेली असते. पेप्सिनने कापलेल्या जोडतुकड्याचे दोन फॅब करायला बिजागरीचे बंध तेवढे तोडायचे असतात. एवढ्या तीव्र क्षपणाने साखळ्यांमधला बंधही सुटण्याची मोठी शक्यता असते, मग नको तिथे थायॉल मोकळे होतात आणि तुकडा सोन्यावर दोनतीन ठिकाणी खिळतो. आम्ही नॅनोबॉडीसाठी दहा ते वीस पट टीसीईपी, खोलीच्या तापमानाला अर्धा तास, एवढंच करतो. फॅबसाठी त्याहून सौम्य सुरुवात करून जेलवर बघत बघत वाढवतो.

मोकळं थायॉल किती झालं ते एलमनच्या अभिकर्मकाने मोजता येतं. पिवळा रंग, ४१२ नॅनोमीटर. फक्त टीसीईपी पूर्ण काढल्यावरच मोजा, कारण टीसीईपी स्वतःच त्या अभिकर्मकाला क्षपित करतं आणि सगळं पिवळंधमक दिसतं. किटमध्ये ही चाचणी दिलेली नाही. द्यायला हवी होती. रेणूमागे एक थायॉल आहे की पाव, हे माहीत नसताना चिप वापरणं म्हणजे अंधारात हात घालणं.

ब्लॉकरबद्दल माझं मत चांगलं आहे, त्याच्या वेळेबद्दल नाही. हा लहान साखळीचा थायॉल आहे आणि टोकाला इथिलीन ग्लायकॉलच्या तीन कड्या आहेत. तो मोकळ्या जागांवर बसतो आणि लोळत पडलेल्या नॅनोबॉडीला सोन्यावरून उचलतो, मग ती आपल्या दोरावर उभी राहते. सिस्टीनच्या मार्गावरच्या १०५० पुढे बिनसिस्टीनच्या मार्गावर ७० च दिसले त्याचं मोठं श्रेय या ब्लॉकरला. पण पुस्तिका म्हणते, एक तास ते रात्रभर. रात्रभर ठेवू नका. थायॉल एकमेकांची जागा घेत असतात. जास्त वेळ दिला तर ब्लॉकर आपल्या बसलेल्या नॅनोबॉडीलाही ढकलून काढतो. आम्ही रात्रभर ठेवलेल्या चिपवर जीएफपीची पकड तासभरवाल्याच्या निम्म्यावर आली. मैत्रिणीच्या इलेक्ट्रोडवरही तेच झालं. तिने पुढे मर्कॅप्टोहेक्सॅनॉल हा दुसरा थायॉल वापरून पाहिला, त्यातही वेळ जपावी लागली.

एक सापळा असा आहे जो किटचा दोष नाही, पण त्याच्यावर ढकलला जाईल. ९०० आरयूला एका नॅनोबॉडीच्या वाट्याला सुमारे २७ चौरस नॅनोमीटर जागा येते, म्हणजे शेजारीण पाच नॅनोमीटरवर. जीएफपी अडीच नॅनोमीटर जाडीचं पिंप आहे, ते आरामात मावतं. पण तुमचा रेणू फेरिटिनसारखा १२ नॅनोमीटरचा गोळा असेल तर एकच गोळा चार नॅनोबॉडींवर बसतो. मग वरचा हिशेब लावला तर पकड अगदी कमी दिसते, आणि माणूस म्हणतो, जोडणी फसली. सगळ्या नॅनोबॉडी जाग्या असतील, त्यांच्या डोक्यावर जागा नाही एवढंच. शिवाय फेरिटिन चोवीस सारख्या उपघटकांचं असल्यामुळे एकाच वेळी अनेक नॅनोबॉडींना धरतं आणि सुटतच नाही, तेव्हा गतीचे आकडेही खोटे येतात. अशा वेळी नॅनोबॉडी ब्लॉकरबरोबर मिसळून विरळ बसवा. आमच्याकडे एका फेरिटिनच्या प्रयोगात जोडणी २०० आरयूवर आणली तेव्हा कुठे आलेख वाचण्यासारखा झाला. पुस्तिकेत जास्तीत जास्त चिकटवण्यावरच सगळा जोर असल्याने हा मुद्दा तिथे सापडणार नाही.

डेक्स्ट्रानच्या (साखरेच्या लांब साखळ्यांचा थर असलेल्या) चिपा वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. तिथे सुमारे १०० नॅनोमीटर उंचीचा झुपका असतो, त्यात रेणू वरखाली मावतात, आणि वाईट दिशेने बसलेल्यांची भरपाई संख्येने होऊन जाते. या सपाट सोन्यावर तशी भरपाई नाही. सिग्नल लहान येतो, पण जो येतो तो कुठून आला हे सांगता येतं. मला ते जास्त आवडतं.

टिकाऊपणाबद्दल थोडं. १० मिलिमोलर ग्लायसीन, पीएच २, तीस सेकंद, अशा धुण्याने आमच्या चिपा वीसहून जास्त फेऱ्या चालल्या आणि पकड थोडीशीच उतरली. नॅनोबॉडी चिवट असते, आम्लातून परत सावरते, हा तिचा गुण. बफरमध्ये चार अंशांवर आठवडाभर ठेवलेली चिप वापरण्याजोगी राहिली. सीरममध्ये मात्र ही जोडणी एका दिवसापलीकडे मी धरत नाही. तिथे थायॉल असलेले इतर रेणू असतात, अल्ब्युमिनलाही एक मोकळं सिस्टीन आहे, आणि एकेका गंधकाच्या बंधावर लटकलेला तुकडा त्यांच्यापुढे हळूहळू सुटतो. शिवाय हवेतल्या ऑक्सिजनने गंधकाचं ऑक्सिडीकरण होतंच. आठवडे टिकणारं सेन्सर बनवायचं असेल तर दोनतीन ठिकाणी सोन्याला धरणारा खालचा थर आणि त्यावर मॅलेइमाइड (थायॉलला पक्कं धरणारा गट) हा मार्ग बघा. तिथेही टीसीईपी काढूनच जा, ते मॅलेइमाइडला खातं.

ज्यांच्या तुकड्याच्या शेपटीला दोर नाही त्यांनीही जरा थांबावं. आमच्याकडे बिनदोराची, थेट सिस्टीन लावलेली एक नॅनोबॉडी होती. तिची पकड याच किटवर तिसऱ्या हिश्शाच्या वर गेली नाही. सोन्याला इतकं टेकून बसल्यावर तिला मान वर करायला जागाच राहत नसावी.

फॅब आणि नॅनोबॉडी मी स्वतः केल्या आहेत, एससीएफव्ही नाही, म्हणून त्याबद्दल काही म्हणत नाही. नॅनोबॉडी, दोरासकट आणि सिस्टीनसकट, एकदोन दिवसांची मोजणी: यासाठी ही किट घ्या, मी निःशंकपणे सांगते. सोनं उत्तम आहे, ब्लॉकर उत्तम आहे, टीसीईपीची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. पुस्तिका बाजूला ठेवा आणि पहिली चिप बिनसिस्टीनच्या नियंत्रणासाठी राखून ठेवा. ती वाया गेली असं वाटेल, पण बाकीच्या नऊ चिपांवर जे दिसेल त्याचा अर्थ त्याच एका चिपवरून लागेल.

तिसऱ्या पेटीची मागणी गेल्या आठवड्यात नोंदवली. मागणीसोबत कंपनीला पुन्हा लिहिलं आहे की पेटीवर नॅनोबॉडी छापायचं असेल तर आत ७ किलोडाल्टनचे कॉलम घाला. उत्तराची वाट न बघता ते कॉलम मी वेगळे मागवूनही ठेवले आहेत.